हलकी भाषा आणि सासूबाईंची अंडी

…नाही, पण मला सांगा, मी असं काय मोठं घबाड मागितलं होतं? मी फक्त एवढंच म्हटलं होतं, भाषा हलकी घ्या! आमचा डबा केवढा, तर जेवणाच्या डब्याएवढा. आत आम्हीच लिहिलेली चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम, तिला मेमरी नावापुरती. हा डबा अंडी उबवायच्या पेटीवर बसणार, पेटी तापली की हीटर बंद, गार झाली की चालू. आता कोंबडीचं गणित वेगळं, बदकाचं वेगळं, म्हणून गिऱ्हाइकाला आपले नियम आपणच चार ओळींत लिहिता यावेत, त्यासाठी डब्यात एक छोटीशी स्क्रिप्टिंगची भाषा बसवायची. बस्स! याला किती वेळ लागावा? तुम्हाला सांगतो, लोकांची लग्नं ठरतात, मोडतात, पुन्हा जुळतात, तरी आमची मीटिंग आपली सुरूच!

साहेबांचं एकच पालुपद. "सगळं जग जी वापरतं तीच घ्या!" अहो साहेब, ती मावत नाही. "कापून बसवा!" कापली, बसवली. पण तिची खोड काय, तर मधेच हातातलं काम टाकून मेमरीची साफसफाई करत बसते! म्हणजे हीटर चालू केला, आता बंद करायचा, तेवढ्यात बाईसाहेब झाडू घेऊन उभ्या… तोवर अंड्यांनी काय करायचं? उकडून घ्यायचं?

मग आमच्या बोर्डवाल्या ताई. डब्यातलं सर्किट त्यांच्या हातचं, त्यामुळे त्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी त्यांच्या कपाळावर आठ्या. "माझ्या बोर्डावर हा पसारा चालणार नाही! माझ्याकडे एक जुनी भाषा आहे, मूठभर. फक्त जरा उलटं लिहावं लागतं." उलटं म्हणजे? "आधी आकडा, मग हीटर, मग बंद." अहो ताई, कोंबड्या पाळणाऱ्या माणसानं असं बोलायला सुरुवात केली तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील! आणि कोपऱ्यात आमचे पंडित, म्हणजे प्रोग्रॅमवाले, सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून पंडित. ते शांतपणे म्हणतात, "मी स्वतःची भाषा लिहितोय." कधी होईल? "झालीच आहे. फक्त वजाबाकी राहिलीये."

आता अशा अवस्थेत माणूस चाचणी घेईल? साहेबांनी घेतली! आणि कुठे? "तुमच्या सासूबाईंचा अंडी उबवायचा धंदा आहे ना?" आहे ना साहेब, त्यांचं घर त्यावरच चालतं! तरी सासूबाई हो म्हणाल्या, जावयाचं काम म्हणून. बायको मात्र दारात उभी राहून म्हणाली, "आईची सगळी अंडी त्या एका पेटीत आहेत, आता फुटायला आलीत. त्यांना काही झालं तर घरी येऊ नकोस." नुसतं म्हणाली नाही हो, माझी किल्ली काढून घेतली!

आणि या तिघांनी काय करून ठेवलं, माहितीये? प्रत्येकानं गुपचूप आपापली भाषा डब्यात घातली! का, तर चाचणीत आपलीच चालली की मीटिंगमध्ये दाखवता येईल. बाकीच्यांची काढली असेलच, असं प्रत्येकानं धरून चाललेलं! म्हणजे एक हीटर, एक बटण आणि त्यावर तीन भाषांचे हात. आणि तो डबा मी मांडीवर घेऊन गेलो, तान्ह्या बाळासारखा! मी फक्त एवढंच म्हटलं होतं, भाषा हलकी घ्या!

भरदुपारी पडद्यावर अक्षरं आली, 'मेमरी संपली', आणि सगळं ठप्प. हीटर मात्र चालूच. पेटीच्या काचेतला पारा वर, वर, अजून वर… एका अंड्याला तर आतून टोचा पडलेला, पिल्लू बाहेर यायला धडपडतंय. ऑफिसला फोन लावला, तर तिकडून तिघं एकदम! "ताई, तुमची काढा!" "आधी साहेबांची काढा!" "माझी वजाबाकी कशी झाली?" अहो, इथे पिल्लं मरतायत!

सासूबाईंनी पहिल्यांदा माझा फोन बंद केला. चष्मा डोळ्यांवर चढवून पाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "जावईबापू, हीटरचा प्लग वेगळा आहे ना? धरा. काढा!" काढला. पारा थांबला, सावकाश उतरायला लागला. मी हुश्श करतोय तोच, "लावा!" लावला. "काढा!" काढला. "लावा!"… कमरेचा पार काटा ढिला झाला, पण नजर वर करायची माझी छाती नव्हती. त्यांचा आवाज जरासा कापला ना, की मी प्लग आणखी घट्ट धरायचो. दिवेलागणीला बायको धापा टाकत आली. साहेबांनी 'अभ्यासाला' नेलेला पेटीचा जुना, पिळायच्या बटणाचा डबा ऑफिसातून भांडून आणला होता तिनं. तेव्हा कुठे माझ्या हातातून प्लग सुटला.

पिल्लं फुटली हो! पेटीभर चिवचिवाट. सासूबाईंनी एक पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं आणि खरं सांगतो, मला रडू आवरेना.

ऑफिसात सगळं सांगितलं, तर साहेब टेबलावर हात आपटून ओरडले, "वा! दोनच शब्द!" ताई म्हणाल्या, मावते. पंडित म्हणाले, हिला वजाबाकी लागतच नाही. झालं, एकमतानं मंजूर! डब्यात आता सासूबाईंची भाषा. 'काढा' आणि 'लावा'.

डब्यात गेली तिथे जाऊ दे, पण बायकोलाही आवडली ना ती! सकाळपासून सुरू. कपडे काढ. मशीन लाव. कचरा काढ. कुकर लाव. म्हटलं, अगं जरा दम तरी खाऊ दे! तर म्हणते कशी, "मधेच थांबणारी भाषा तूच नको म्हणालास ना?" मी फक्त एवढंच म्हटलं होतं, भाषा हलकी… हां? आलो, आलो! लावतो गं, लावतो!