ठोकाठोक नव्हती ती

ऋजुता : आणि हा बॉक्स खास तुम्हाला, काकू. आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पेढा घ्या ना.

निशिगंधा : ठेव तिथे. नंतर खाईन.

ऋजुता : नंतर काय? तुमच्यामुळे वाचली ती. बिल्डिंगच्या ग्रुपवर तुमचाच मेसेज होता, साडेबाराचा. ‘वरती पुन्हा ठोकाठोक सुरू.’ तो बघून आनंदा वॉचमन वर गेला. दार उघडेना, आतून आईचं कण्हणं ऐकू आलं, म्हणून फोडलं. मी घोडबंदर रोडला ऑफिसात, मला कुठून कळणार होतं?

निशिगंधा : ती तक्रार होती, ऋजुता.

ऋजुता : माहितीये हो. गेल्या महिन्यात आमच्या फरशीचं काम चाललेलं, तुम्ही वैतागलेल्या. कुणालाही वाटलं असतं, काम चालूय.

निशिगंधा : मला नाही वाटलं.

ऋजुता : म्हणजे?

निशिगंधा : तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं मी. ठोकाठोक म्हणजे कामाचा आवाज. हातोडी, खिळे, फरशा. ती आपल्या नादात चालते, कुणी ऐकावं म्हणून नाही. तुझ्या आईचं, आवडाताईंचं तसं नव्हतं. तीनदा वाजायचं, मग थांबायचं. कुणी ओ देतंय का, ते बघायला थांबावं तसं. परत तीनदा.

ऋजुता : आंघोळीच्या मगाने. पडल्या जागेवरून बाथरूमच्या फरशीवर तो आपटत होती ती.

निशिगंधा : त्याला हाक म्हणतात. तोंडाने मारली नाही तरी हाकच.

ऋजुता : तुम्हाला तेव्हाच कळलेलं?

निशिगंधा : साडेदहाला.

ऋजुता : काकू, मेसेज साडेबाराचा आहे.

निशिगंधा : हो. मध्ये मी टीव्ही मोठा केला. तुमच्या बाथरूमच्या गळतीवरून आमचं बोलणं बंद होतं ना. म्हटलं, मुद्दाम करतायत. मग म्हटलं, थांबेल. थांबेना, तेव्हा मेसेज केला. तरी शब्द निवडूनच लिहिला. ‘कुणीतरी बोलावतंय’ लिहिलं असतं, तर आधी मलाच जिना चढावा लागला असता. चार दिवस घास उतरत नाही गं. माझी मलाच लाज वाटते.

(ऋजुता पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावते.)

ऋजुता : डॉक्टरपण विचारत होते, इतका वेळ कशाच्या जोरावर आपटत राहिल्या म्हणून.

निशिगंधा : काय म्हणाल्या?

ऋजुता : म्हणाली, बाकी कुणी नसलं तरी खाली निशिगंधा असते. कान तिखट आहेत तिचे. भांडली तरी येईल.

निशिगंधा : तू सांगणार आहेस त्यांना?

ऋजुता : मी नाही. तिला वाटतंय, तुम्ही ऐकलंत आणि लगेच कळवलंत. हॉस्पिटलात भेटायची वेळ पाच ते सात असते, काकू.