बारापैकी बारा

(डेन्मार्कमधलं हॉर्सेन्स. रविवारची दुपार. बैठकीच्या खोलीत दोन उंच स्पीकर आणि त्यांच्यासमोर एकच खुर्ची.)

लिसबेट : नाही म्हणजे नाही. आज बटणं मी दाबणार नाही.

फ्लेमिंग : अगं, तीन वाजता श्रोते मंडळाची माणसं येतायत! मी डोळे मिटून बसणार, तू फोनवरून कधी गाणी ऐकवणारी महागडी सेवा लावायची, कधी स्वस्त, आणि मी काय ओळखलं ते कागदावर टिपायचं. तीन आठवड्यांपूर्वी केलंस की!

लिसबेट : केलं, म्हणूनच नाही म्हणतेय. येणाऱ्या सहाजणांतल्या कुणाला तरी बसव.

फ्लेमिंग : त्यांच्यावर कोण भरवसा ठेवणार? एक सेवा केसभर मोठ्यानं वाजली, तरी माणसाला तीच गोड लागते. तू आवाजाचं मापक लावून दोन्ही सेवा तंतोतंत सारख्या पातळीवर आणतेस. या बाबतीत तुला तोड नाही.

लिसबेट : मी बेकरीतून बदामाचा क्रिंगल आणलाय. सात कप कॉफी टाकते. तेवढं माझं काम.

फ्लेमिंग : सातच? आणि तू?

लिसबेट : मी कुठे बसू? सोफा तू तळघरात टाकलास, आवाज खातो म्हणून. दोन वर्षं मी स्वैपाकघरातल्या स्टुलावर बसून विणतेय.

फ्लेमिंग : आता सोफा कुठून आला मधेच? आज मला सगळ्यांदेखत दाखवायचंय. ती स्वस्त सेवा कानामागून आली आणि तिखट झाली! आणि प्रेबेन म्हणतो कसा, ‘घरच्या खोलीत दोन्हींत काही फरक कळत नाही.’ चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून गाणी ऐकली त्यानं! अगं, जमीन-अस्मानाचा फरक आहे. बारापैकी बारा ओळखले मी.

लिसबेट : आणि भर सभेत त्याला म्हणालास, बटाट्याला कान फुटले तरी तुझ्यापेक्षा बरं ऐकेल.

फ्लेमिंग : हसले सगळे.

लिसबेट : तो नाही हसला. त्यानंतर तो मंडळात फिरकला नाही.

फ्लेमिंग : त्याला हरणं सोसत नाही, त्याला मी काय करू?

लिसबेट : त्याला सोसत नाही! ऐक फ्लेमिंग, बारा नव्हते.

फ्लेमिंग : म्हणजे?

लिसबेट : तू ‘महागडी’ म्हणालास की मी बरोबरची खूण करत गेले. काहीही म्हणालास तरी बरोबरच. खरं दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं. पाच आले तुझे.

फ्लेमिंग : पाच? नुसतं नाणं उडवलं तरी सहा येतात!

लिसबेट : हो.

फ्लेमिंग : खोटं बोलतेयस. सोफ्याचा राग काढतेयस.

लिसबेट : कागद शिवणाच्या डब्यात आहे, बघ जा. त्याच्या आदल्या रविवारी तुझे चार आले होते, आठवतं? मी मापक चुकीचं धरलं, मी वायर हलवली, माझ्या सुया वाजल्या. बुधवारपर्यंत बोलला नाहीस माझ्याशी. घरात आपण दोघंच. तीन दिवस भिंतीशी बोलून बघ कधी.

फ्लेमिंग : म्हणून फसवलंस? अगं, मी ते मंडळाच्या अंकात छापलंय! माझ्या नावानिशी!

लिसबेट : तू छापशील आणि त्यावरून प्रेबेनला ठेचशील, हे मला कुठे ठाऊक होतं? मला एक जेवण शांतपणे जेवायचं होतं. माझं चुकलं. पण तुझा राग येतो मला, फ्लेमिंग. फार राग येतो.

फ्लेमिंग : तीन वाजता काय सांगू त्यांना?

लिसबेट : खरं सांग. नाहीतर डोकं दुखतंय म्हण. तुला जमेल ते.

फ्लेमिंग : प्रेबेनला कळलं तर गावभर डांगोरा पिटेल.

लिसबेट : त्याला माहीत आहे.

फ्लेमिंग : कोणी सांगितलं?

लिसबेट : मी. सभेच्या दुसऱ्याच दिवशी तो कागद घेऊन गेले त्याच्याकडे. म्हटलं, मंडळात दाखव, मी तुझ्या बाजूनं उभी राहते.

फ्लेमिंग : मग?

लिसबेट : त्यानं वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाला, ‘त्याच्याकडे दुसरं आहे काय? राहू दे.’ मग मंडळाचा राजीनामा लिहायला बसला. मी बराच वेळ तिथेच होते.

फ्लेमिंग : म्हणजे तुम्ही दोघं माझी कीव करत बसलात.

लिसबेट : कीव नाही रे. थकलो होतो दोघंही.