पंखा चालू असताना

अगं, आमच्याकडे आज भाजी कोणती, हे खांदा कॉलनीतल्या आमच्या अख्ख्या मजल्याला माहीत असायचं. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, ऐकू कमी येतं, म्हणून आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. ओरडायचा कंटाळा आला की बोलायचोच नाही. मग अप्पाही हळूहळू गप्प झाले.

शेवटी कानाचं मशीन आणलं. पहिल्याच दिवशी अप्पांनी ते काढून टेबलावर ठेवलं. "यात नुसता पंखा ऐकू येतो. माणसं ऐकूच येत नाहीत!"

मशीन देणाऱ्या मुलीला सांगितलं, तर ती हसली. "काका, मशीन सगळेच आवाज मोठे करतं. त्यातून माणसाचा आवाज निवडायचं काम मेंदूचं. त्याची सवय गेलीय, ती परत लावू या. घरच्यांनी रोज शेजारी बसून पेपर वाचून दाखवायचा. आणि ओरडायचं नाही!"

ते न ओरडणंच आम्हाला जड गेलं. पण मी रोज वाचायला बसले. अप्पांची फर्माईश ठरलेली, "आधी निधनवार्ता."

परवा शेजारच्या सुलभाताई दारात उभ्या. चेहरा पडलेला. हळूच मला म्हणाल्या, "हल्ली तुमच्याकडून आवाजच येत नाही गं. अप्पांचं काही बरंवाईट..."

"अजून नाही, सुलभाताई!" आतून अप्पा म्हणाले. "या, चहा घ्या!"

मी वळून पाहिलं. अप्पांच्या डोक्यावर पंखा फुल स्पीडमध्ये फिरत होता.