खालच्या गल्लीचा थर

…आन् वर ती वेबसाईट म्हणती, ‘थराचं नाव भरा’! आता दगडाचं काय बारसं घालायचं व्हय, तुम्हीच सांगा. पर आमची पुतणी वर्षाराणी त्यातच अडकली की. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉलेजात दगडाधोंड्याचं शास्त्र शिकवती, तेबी कंत्राटावर. सायबांनी बजावल्यालं, गारगोटीच्या अंगाला चिंचदऱ्यात ओढ्याची दरड हाय, तिथल्या गाळाच्या खडकाचं समदं थर सोमवारपातुर फोटोसकट वेबसाईटवर चढवा, न्हाईतर पुढच्या वर्षी दुसरी मॅडम बघतो.

झालं. पोरगी हातोडा घिऊन स्कूटीवर निघाली, शिवाजी पेठेतनं मी सोबतीला. दरड कशी, तर भाकरीची चवड लावल्यागत. तळाला गोट्यांचा थर, त्यावर वाळूचा, वर तांबड्या गाळाचा, समद्याचा दगुड झाल्याला. थराला जवळच्या जागंचं नाव द्यायची रीत असती म्हणं. पोरीनं भोळेपणानं वरच्या थराला वरल्या गल्लीचं नाव दिलं, तळाच्याला खालच्या गल्लीचं, आन् मोबाईल दावला चारचौघांत. तिथंच घात! आवो, दगुड तो दगुड, त्याला कसलं आलंय वर आन् खाली? पर ह्या गावात बेंदराच्या सणाला कुणाची बैलं पुढं, ह्यावरनं मिरवणूक दुपारपातुर जाग्याव असती…

वरल्या गल्लीचं हंबीरराव एवढं खूश, पोरीला चहा काय, भडंग काय! खालच्या गल्लीचं पिराजी मात्र उठून घरला गेलं. आन् दरडीच्या वाटंवर म्हस आडवी बांधली. म्हसबी मालकासारखीच, हलायचं नाव न्हाई. तळाच्या थराचा फोटो तेवढा राहिल्याला, आन् फोटोबिगर वेबसाईट पुढं सरकंना.

“पिराजीमामा, म्हस सोडा की.”

“फुटबॉलात त्यास्नी लोळीवलंय आमी. आन् जगाच्या मोबाईलवर आमीच त्यांच्या खाली? आदी आमाला वर घे.”

आता डोंगर उलटा कसा करायचा? आन् पोरगी खोटं लिवंना. रडकुंडीला आली बिचारी, तवा सुचलं. म्हणाली, “मामा, खालचा थर आदी बसतो, वरचा मागनं. खालचा म्हंजे थोरला.”

पिराजींनी मिशीवरनं हात फिरीवला. म्हस सुटली. फोटो झाला.

आता ही थोरलं-धाकटं भानगड हंबीररावांच्या कानावर कुणी घातली म्हणून माझ्याकडं बघू नगा. म्हातारं माणूस, चहा पिता पिता निसटलं तोंडातनं… त्यांनी बशी खाली आपटली.

“म्हंजे आमी धाकटं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांचा जेसीबी! पिराजींच्या थराच्याबी खाली कायतरी असंलच, ते आमचं म्हणून लिवा, म्हणालं. तासाभरात पिराजींचा जेसीबी आला, आमी त्याच्याबी खाली जातो म्हणून. दोन्ही गल्ल्या बघाय गोळा. दगुड तो दगुड, त्याला कसलं वर आन् खाली, म्हणून मीबी वरडत हुतो, पर पुढं जागा धरून. आन् धाडदिशी दरड बसली की! धुरळा खाली बसला, बघतो तर गोटं, वाळू, तांबडं, समद्याची मिसळ.

वर्षाराणी रडाय लागली. सोमवारी पुण्यासनं वेबसाईटवालं पावणं नोंद जाग्यावर तपासाय येणार, आन् दावायचं काय, ढीग? पिराजी जवळ जाऊन म्हणालं, “रडू नगो पोरी. परत लावून देतो थर, गवंडी हाय आमच्यात. फकस्त आमचा तळाला.”

पोरीनं डोळं पुसलं, मोबाईल काढला, आन् सगळ्यांच्या वर एक नवा थर भरला. नाव, वरली-खालची गल्ली. वय, आज सकाळ. कारण, जेसीबी. जुनं फोटो जुन्या थरांना, नवा फोटो ढिगाचा.

आज पावणं आलं. वाचलं, ढिगाकडं बघितलं, परत वाचलं. म्हणालं, “मॅडम, नोंद बरोबर आहे.” सायबांचाबी फोन आला, पुढच्या वर्षी तुम्हीच या.

सुटलो म्हणालो! तर पिराजी उभं. नावात वरली आदी आन् खालची मागनं का?

दगुड तो दगुड… जाऊ द्या. म्हस परत आडवी हाय, आन् आमची स्कूटी म्हशीच्या पल्याड. तवा मंडळी, तुमच्यात कोण कोल्हापूरला निघालंय काय? मागं बसतो की. पुढं-मागं आपलं काय न्हाई.