मेलेली कनेक्शनं

हसू नका रे, पण आमच्या लोअर परळच्या ऑफिसात मेसेज पोचवणारा सर्व्हर सारखा अडकायचा. मी बघितलं, तर नऊशे कनेक्शनांपैकी सातशे मेलेली. पलीकडच्या टोकाची मशिनं कधीच बंद पडलेली, तरी ही जागा अडवून बसलेली. तोडली सगळी. सर्व्हर सुसाट!

तेवढ्यात आमचे मॅनेजर सावंत धावत आले. "अरे, भिंतीवरच्या स्क्रीनवर जोडलेले नऊशेचे दोनशे कसे झाले?"

"साहेब, बाकीची मेलेली होती."

"मग काय झालं? उद्या मोठे साहेब येतायत. परत आण त्यांना!"

झक मारत सातशे खोटी कनेक्शनं उघडली. सर्व्हर पुन्हा अडकला, तक्रारींचे फोन खणखणायला लागले.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब स्क्रीनसमोर उभे राहून म्हणाले, "वा सावंत! नऊशे जण जोडलेले, आणि तक्रारी फक्त दोनशे!"