कापलेला गुण

बल्गेरियातल्या प्लॉवदिवच्या दफनभूमीबाहेर, मेणबत्त्यांच्या रांगेत माझ्यापुढे दोघं म्हातारे होते. एक जुना हेवीवेट बॉक्सर, दुसरा पंच.

"काय पंचसाहेब, आसेनसाठीच ना?"

"दरवर्षी येतो, वेलिचको. त्याच्या नावानं वाटायला उकडलेले गहू आणलेत."

"गहू कसले आणता? त्या दिवशी रिंगमध्ये डोळे आणायचे होते."

"तीनदा बजावलं तुला, मिठी सोड म्हणून. मग गुण कापला. नियमच आहे तो."

"अहो, शुद्ध हरपली होती त्याची! मी धरलं म्हणून उभा होता तो."

"मग बोलला का नाहीस?"

"दातांवर रबर चढवलेलं! तुम्ही आम्हाला सोडवलंत आणि ओरडलात, 'लढा!'"

"ज्यानं तो गेला, तो ठोसा तुझा होता."

"माझाच होता. आणि तो कापलेला गुण?"

"नॉकआउट झाल्यावर गुण मोजत नाहीत, वेलिचको."