रविवारच्या भाकरीची घटनादुरुस्ती

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो ना, त्याची फळं घरीच भोगतोय. परवा लेकीनं घटनादुरुस्ती मांडली: रविवारी भाकरी बंद, डोसा सुरू! बायको स्वयंपाकघरात होती. हजर चौघांत माझे वडील अण्णा सोडून मी, लेक आणि मुलगा अशा तिघांचे हात वर.

"झालं दोन तृतीयांश!" मी म्हटलं.

"आसं कसं?" अण्णा उसळले. "रविवारी माझ्या तिन्ही लेकी जेवायला येत्यात. ती आपली राज्यं. निम्म्यांची मंजुरी आण."

पोरीनं लगेच फोन लावले. दोन आत्या 'व्हय' म्हणाल्या. अण्णांनी राष्ट्रपती म्हणून निमूट सही केली.

तेवढ्यात बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "लई छान! आता डाळ-तांदूळ कोण भिजवणार, कोण वाटणार, तेवढं कलम वाचून दाखवा की."

काल रविवार होता. भाकरी मस्त झाली होती.